झऱ्यावरचा पहारा

सकाळी झऱ्यावर गेलो तेव्हा पाणी हिरवं येत होतं आणि त्याला वाळ्याच्या सरबताचा वास येत होता.

मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे. पदवी दुसऱ्या प्रयत्नात मिळाली, पण प्रमाणपत्रावर ते लिहीत नाहीत. तेव्हा एवढं मला नक्की कळत होतं, की कातळातून येणाऱ्या पाण्याला सरबताचा वास यायचं कारण नाही. मी ओंजळ भरली आणि चव घेतली. गोड फारसं नव्हतं. म्हणजे बाटली पूर्ण नसावी.

"बाबा, पाणी हिरवं झालं," मी म्हणालो.

"झालं ना?" बाबा म्हणाले. ते टाकीशेजारच्या दगडावर बसले होते आणि झऱ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते. त्यांनी दोन्ही हात टॉवेलात गुंडाळले होते. थंडी अजिबात नव्हती.

"चहा आणलाय."

"ठेव तिथं."

"गरम आहे तोवर घ्या."

"ठेव म्हटलं ना."

मी चहा ठेवला. तेवढ्यात पाणी जांभळं झालं.

आम्ही दोघांनीही ते पाहिलं. हिरव्याच्या मधून एक जांभळी दोरी निघाली, पन्हळीवरून टाकीत पडली आणि पसरली.

"आणि हे?" मी विचारलं.

बाबांनी जरा विचार केला. "तेही असेल मॅडमच्या रंगात," ते म्हणाले.

हे बोलणारा माणूस म्हणजे धोंडू पाष्टे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. लग्न झालं तेव्हा त्यांची रजा मंजूर झाली नव्हती. त्यामुळे लग्न लागल्यावर माझ्या आईला ते आपल्याच गाडीतून, ड्यूटीवर असताना, सासरी घेऊन आले. तेव्हा त्यांनी तिचं तिकीट फाडलं आणि सुटे पैसेही तिच्याकडेच मागितले. आई ही गोष्ट अजून सांगते. तिचा सूर पहिल्या दिवसासारखाच असतो.

आमच्या वाडीच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं लांबच लांब पठार. त्यावर पावसाळ्यात एक वहाळ वाहत येतो, एका भोकाशी थांबतो आणि आत शिरून नाहीसा होतो. त्या भोकाला आम्ही नरडं म्हणतो. वाडीचं म्हणणं असं, की नरड्यात जातं तेच पाणी खाली आमच्या झऱ्याला येतं. शेट्यांचं म्हणणं असं, की पाणी कुठे जातं ते पाण्यालाच माहीत. शेट्यांची सड्यावर चिऱ्यांची खाण होती. खाण वाढवायची तर नरडं बुजवावं लागणार होतं. आणि वाडीचं म्हणणं खरं असेल, तर नरडं बुजल्यावर झरा संपला. वाडीत दुसरं पाणी म्हणजे एक विहीर. तिच्यात मार्चनंतर बेडूकसुद्धा राहत नसत.

भांडण तालुक्याच्या कचेरीत गेलं आणि तिथल्या साहेबांनी काझी मॅडमना बोलावलं. मॅडम भूजलाच्या शास्त्रज्ञ होत्या, मूळच्या खाडीकाठच्या, त्यामुळे आमची बोली त्यांना आमच्यापेक्षा बरी यायची. उपाय त्यांनी सोपा सांगितला. पाऊस सरत आला होता, पण वहाळ वाहता होता, तोवर वर नरड्यात रंग टाकायचा आणि खाली झऱ्यात तो येतो का बघायचं. अट एकच होती. तेवढे दिवस झऱ्यात दुसऱ्या कोणी काही टाकता कामा नये. पहारा हवा, आणि पहारेकरी दोन्ही बाजूंना मान्य असायला हवा.

"धोंडूभाऊ बसणार असतील तर माझी हरकत नाही," शेट्ये लगेच म्हणाले होते. "त्यांनी मला कॉलेजात असताना अर्ध्या घाटात खाली उतरवलंय. पास घरी राहिला होता माझा."

"मग योग्य केलं," बाबा म्हणाले.

"म्हणून तर म्हणतोय."

तर बाबा पहाऱ्याला बसले आणि मॅडमनी देवळात वाडीची सभा घेतली. त्यांनी केशरी पूड दाखवली. ती पाण्यात हिरवी होते, निरुपद्रवी असते, हे सांगितलं. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं. "तुमचं पिण्याचं पाणी आहे. म्हणून मी रंग इतका कमी टाकणार आहे की खाली आला तरी डोळ्यांना दिसणार नाही. तो फक्त यंत्राला दिसतो. कळलं?"

"कळलं," सगळी वाडी म्हणाली.

वाडीला काही कळलं नव्हतं. वाडीला एवढंच कळलं, की हिरवं झालं की आपण जिंकलो. दुसऱ्याच दिवसापासून बायका हंडा भरण्याआधी त्यात वाकून बघायला लागल्या. आमची सरूकाकी तर हंड्यातलं पाणी उन्हात धरून म्हणायची, "जरासं हाय गो. बग ना. पोपटी झाक हाय."

त्या सभेला सगळे होते, बाबा सोडून. बाबा पहाऱ्यावर होते.

त्यांचा डबा मी न्यायचो. दुपारी ते जेवता जेवता पन्हळीकडे बघायचे आणि मला विचारायचे. माझ्याकडे पदवी होती, म्हणून मला.

"हिरवं कधी होणार रे?"

मी म्हणालो, "बाबा, गाडी लेट आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "ब्रेकडाऊन असेल. घाटात." ते हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवण अर्धवट ठेवलं. "हेमंत, मी खरं विचारतोय. आलं नाही तर काय?"

"तर डेपोला फोन करू," मी म्हणालो आणि डबा घेऊन निघालो. वाटेत मला माझ्याच विनोदाचं हसू येत होतं. वाडीत माझं नाव होतं तेवढ्यासाठी.

आता त्या सकाळी मी कपारीत हात घातला. झऱ्याचं पाणी जिथून फुटतं तिथे, कातळाच्या फटीत, शिमग्यातल्या उरलेल्या रंगाच्या पुड्या खोचलेल्या होत्या. एक पोपटी. एक, अंधारात पोपटीच वाटली असेल अशी, जांभळी. मागे दगडाच्या आडोशाला वाळ्याच्या सरबताची बाटली.

"हे कोणाचं?"

"सरूचं. परवा घेऊन आली होती. ओतते म्हणाली. मी काढून घेतली."

"आणि पुड्या?"

"मंडळाची पोरं. त्यांच्याकडनंही काढून घेतल्या." त्यांचा आवाज क्षणभर कंडक्टरचा झाला. "सगळ्यांना परत पाठवलं मी. म्हटलं, लाज नाही वाटत? परीक्षा आहे ती!"

"मग?"

"मग आज शेवटचा दिवस ना," बाबा म्हणाले.

पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून खाली येताना कोणी गुणगुणत होतं. काझी मॅडम. त्या कधी गुणगुणत नसत. एका हातात तपकिरी बाटल्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने ओढणी सावरत त्या जवळजवळ धावतच आल्या.

"भाऊ! आलाय!" त्या लांबूनच ओरडल्या. "काल संध्याकाळच्या बाटलीत रंग आलाय! यंत्रात दोनदा बघितलं मी. तुमचं पाणी नरड्याचंच—"

आणि त्यांना टाकी दिसली.

त्या थांबल्या. टाकीत अर्धं हिरवं, अर्धं जांभळं, आणि मधे एक बेडूक स्थिर बसलेला. त्यालाही प्रकार नवीन होता. मॅडमनी वास घेतला, पुन्हा घेतला. मग त्या पायरीवर बसल्या.

"वाळा?" त्यांनी मला विचारलं.

"वाळा," मी म्हणालो.

मला एक विनोद सुचला होता, आणि तो चांगला होता. मी तो गिळला.

"भाऊ," मॅडम म्हणाल्या, डॉक्टर बोलतात तशा, "हात दाखवा."

बाबांनी टॉवेल सोडला. तळवे पोपटी, बोटं जांभळी. त्यांनी हात पुढे धरले आणि उलटे करून मागची बाजूही दाखवली. कोणी न सांगता.

"काल आला होता?" बाबांनी विचारलं. "कालच?"

"हो भाऊ."

"पण दिसला नाही मला. मी दिवसभर नजर काढली नाही."

"तो दिसतच नाही डोळ्यांना. मी सभेत सांगितलं होतं की."

"मी इथं होतो," बाबा म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हिशेब लागत नसला की बघायचे तसं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि टॉवेल पुन्हा हातांना गुंडाळायला लागले. एका हाताने ते जमेना. मी पुढे झालो तर त्यांनी हात मागे घेतला.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेट्यांचा सुपरवायझर येऊन मोबाइलवर टाकीचे फोटो काढून गेला. जाताना त्याने बेडकाचाही वेगळा काढला. त्याच दिवशी दुपारी कचेरीत सुनावणी होती, निकालाची. मॅडम आम्हाला त्यांच्या जीपमधून घेऊन निघाल्या.

"कालची बाटली अजून चांगली आहे," त्या गाडी चालवता चालवता म्हणाल्या. "आजचा रंग वेगळा, यंत्राला तो फरक कळतो. पण शेट्ये म्हणणार, आज केलं तसं काल कशावरून नाही केलं? कालच्या बाटलीवर तिघांच्या सह्या आहेत. माझी, त्यांच्या माणसाची आणि भाऊंची. आता भाऊंच्या सहीला काय अर्थ राहिला, असं ते विचारणार."

"मी सांगतो मी टाकला म्हणून," मी मागच्या सीटवरून म्हणालो. "माझ्याबद्दल कोणालाही खरं वाटेल."

"पहारा कोणाचा होता विचारतील," बाबा म्हणाले.

"तुमचा डोळा लागला म्हणा."

"आज लागला तर कालही लागला असेल म्हणतील."

मॅडमनी गिअर बदलला. हे त्यांना आधीच सुचलं होतं, पण त्यांच्या तोंडून यायला नको होतं, एवढं मला आरशात दिसलं.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"खिडकी लाव," बाबा म्हणाले. "मॅडमच्या अंगावर धूळ येते."

कचेरीत साहेबांच्या खोलीत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त होती. वाडीतली निम्मी मंडळी रिक्षा करून आधीच पोहोचली होती. शेट्ये एका बाजूला बसले होते, मांडीवर मोबाइल घेऊन. बेडकाचा फोटो खोलीत फिरून आला होता. साहेबांनी मॅडमचं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"म्हणजे काल परीक्षा शुद्ध होती आणि आज भ्रष्ट झाली. पण काल शुद्ध होती हे सांगणार कोण?"

"मी," बाबा म्हणाले आणि उभे राहिले.

"तुम्ही पहारेकरी?"

"हो साहेब."

"मग रंग टाकला कोणी?"

"मीच साहेब."

सरूकाकीने तोंडाला पदर लावला.

"कधी?"

"आज पहाटे. उजाडायच्या आधी. कालची बाटली भरून, सह्या होऊन, मॅडम गेल्या त्यानंतर. त्याआधी मी कोणाला हात लावू दिला नाही."

"काय टाकलंत?"

बाबा ताठ उभे राहिले. तीस वर्षं मार्ग-तपासणीसापुढे उभे राहायचे तसे. त्यांना प्रश्न विचारला की पूर्ण उत्तर द्यायची सवय होती. त्यात काय वगळावं हे त्यांना कधी कळलंच नाही.

"दोन पुड्या शिमग्याचा रंग. एक पोपटी. एक जांभळी, ती चुकून. अंधार होता. आणि वाळ्याचं सरबत, अर्धी बाटली."

"अर्धीच का?"

"अर्धी आधी संपली होती."

"कोणी संपवली?"

बाबा थांबले. "मी," ते म्हणाले. "रात्रभर बसून घसा सुकतो साहेब. पाणी घालून घेतलं."

खोली फुटली. साहेब हसले, शिपाई हसला, शेट्ये तर मांडीवर हात मारून हसले. वाडीतली माणसं, जी त्यांच्याचसाठी तिथे आली होती, तीही हसली. हसताना एकमेकांवर कलली. मीही हसलो. थांबवायला गेलो तर ते नाकातून आलं. ते वाक्य मी म्हटलं असतं तर वर्षभर पुरलं असतं.

बाबांना कळेना काय झालं. ते आधी साहेबांकडे बघत राहिले, मग खोलीभर. सगळे हसतायत म्हणजे आपल्याकडून काहीतरी चुकलं, अशा समजुतीने त्यांनी हात पाठीमागे नेले. मी बरोबर मागे बसलो होतो. ते पोपटी-जांभळे तळवे माझ्या तोंडासमोर आले, एकात एक घट्ट धरलेले.

माझं हसू तिथेच थांबलं. बाकीच्यांचं चालू होतं.

"शेट्ये," साहेब डोळे पुसत म्हणाले, "तुमचं काय म्हणणं? कालची बाटली धरायची का?"

शेट्ये हसत हसतच उठले, पण बोलायला लागल्यावर ते हसू राहिलं नाही. ते बाबांकडे बघत होते.

"साहेब, माझा वकील म्हणेल धरू नका," ते म्हणाले. "पण खोटं रचणारा माणूस सरबताचं सांगत नाही. एवढी लाज कोणी उगाच अंगावर घेत नाही. धरा."

निकाल वाडीच्या बाजूने झाला. नरड्याला हात लावायचा नाही, पुढच्या पावसात खात्रीसाठी परीक्षा पुन्हा एकदा करायची, तोवर खाण आहे तिथेच थांबेल. साहेबांनी तो मोठ्याने सांगितला आणि कारकुनाला लिहून घ्यायला लावला. शेवटी म्हणाले, "आणि लिहा, पुढच्या वेळी पहारेकरी दुसरा असावा."

"हो साहेब," बाबा म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

बाहेर वाडीने जल्लोष केला. कोणीतरी पेढे आणले. कोणीतरी बाबांना उचलायला गेलं, तर ते जिन्याखाली नव्हते, आवारात नव्हते, मॅडमच्या जीपमध्येही नव्हते. मॅडम म्हणाल्या, "चालत गेले असतील." आणि मग पेढा हातात तसाच धरून म्हणाल्या, "हेमंत, त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही, की मी रिपोर्टात त्यांचं नाव घालणार आहे का."

"घालणार आहात?"

"घालावंच लागेल," त्या म्हणाल्या. "त्यांच्याच सांगण्यावर बाटली उभी आहे."

मी झऱ्यावर पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बाबा टाकीत गुडघाभर पाण्यात उभे होते. टाकीचं भोक उघडून त्यांनी रंगीत पाणी सोडून दिलं होतं आणि आता पन्हळीचा दगड घासत होते, घरच्या कपड्यांच्या ब्रशने. कपारीतून पाणी स्वच्छ येत होतं. पण जांभा दगड सच्छिद्र असतो. त्याने रंग पिऊन टाकला होता, पोपटी कमी, जांभळा जास्त.

"जिंकलो आपण," मी म्हणालो.

"ऐकलं मी. तिथंच होतो."

ते घासत राहिले. मान वर न करता म्हणाले, "संध्याकाळ झाली. पाण्याला कोणी आलं नाही बघ."

"येतील."

"नाही येणार. मी हात घातलेलं पाणी आहे."

मी वर पाहिलं. पाखाडीच्या वळणावर, करवंदीच्या जाळीमागे, वाडीतल्या बायका उभ्या होत्या. हंडे कमरेवर, एकही आवाज न करता. बाबांच्या समोर यायला त्यांना धीर होत नव्हता, आणि पाणी तर हवंच होतं. सगळ्यात पुढे सरूकाकी. तिने मला बघितलं आणि मानेनेच विचारलं, येऊ का?

मला काहीतरी हसण्यासारखं ओरडून वातावरण मोकळं करता आलं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. मी नुसता हात केला.

त्या उतरल्या. पैंजणांचा, हंड्यांचा आवाज आला तसे बाबा ब्रश थांबवून ताठ झाले, पण वळले नाहीत. सरूकाकीने कळशी पन्हळीखाली आणली. तिथे बाबा उभे होते.

"भावजी," ती म्हणाली, "जरा सरका."

बाबा सरकले. तिने कळशी भरली, मग हंडा. मागची आली, तिच्यामागची आली. कोणी पाण्यात वाकून बघितलं नाही. कोणी कचेरीचं काढलं नाही. बाबा टाकीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, ब्रश हातात धरून, सगळ्यांचं होईपर्यंत उभे राहिले. शेवटची गेली तेव्हा पुन्हा वाकून घासायला लागले.

मी पायजमा वर करून टाकीत उतरलो आणि ब्रश घ्यायला हात पुढे केला.

त्यांनी दिला नाही.

"घरात दुसरा आहे," ते म्हणाले. "मोरीवर. तो घेऊन ये."

मी निघालो. पाखाडीवर अजून बायका होत्या आणि देवळाशी मंडळाची पोरं पेढे वाटत होती. मी दिसलो तर बाबांचं काढतील, म्हणून मी शेताच्या बांधावरून, काट्यांतून घरी गेलो. आणि येतानाही त्याच वाटेने आलो, ब्रश सदऱ्याखाली धरून.